खोबणीतला लाल डाग

१

कॉफीच्या जुन्या डब्यातून स्क्रू पडले, गारगोट्या पडल्या, चघळलेली पेन्सिल पडली. खटका काही पडला नाही.

मर्ल होस्टेटरने डबा हलवला, आत डोकावला, बुडावर थापही मारली. मग तो गप्प खुर्चीत बसला. सासरा ओरडत असला की कोरीन निर्धास्त असायची. तो गप्प झाला की ती सावध व्हायची.

"पोरी, डब्याला हात लावला होतास?"

"नाही, पॉप."

"टेसने?"

"टेस अडीच वर्षांची आहे. आणि डबा सगळ्यांत वरच्या फळीवर होता. काल संध्याकाळी तुम्हीच ठेवलात."

"हो. मीच ठेवला. तुझ्या नियमाप्रमाणे."

'तुझ्या' हा शब्द त्याने असा उच्चारला की डबासुद्धा शरमला असता.

नियम कोरीनचा होता, हे खरंच. लग्नानंतर पेन्सिल्व्हेनियातल्या या डोंगरखोऱ्यात, सासऱ्याच्या शेतघरात राहायला येताना तिने एकच अट घातली होती: बंदूक आणि तिचा खटका रात्री एका छपराखाली राहता कामा नयेत. मर्ल पूर्वीच्या धाटणीच्या चकमकीच्या बंदुका घरी जुळवायचा. खोक्यातून सुट्या भागांचं किट यायचं: लांब नळी, ओबडधोबड लाकडी दस्ता, पितळी पट्ट्या आणि खटका, म्हणजे गारगोटी धरून ठिणगी पाडणारी तळहाताएवढी लोखंडी कळ. पुढे महिनोन्‌महिने कानस आणि पटाशी. खटक्याशिवाय ती बंदूक म्हणजे महागडी काठी. म्हणून बंदूक अंगणापलीकडच्या जुन्या दुधाच्या खोलीत, मर्लच्या कारखान्यात राहायची आणि खटका डब्यात बसून स्वयंपाकघरात यायचा.

ही बंदूक तर मर्लने दोन वर्षं जपून घडवली होती. तिच्या मेपलच्या दस्त्याचं लाकूड त्याच्या बायकोने, आर्डिथने, जायच्या आधी स्वतः निवडलं होतं. उद्या, शनिवारी, गावच्या नेमबाजीच्या मेळाव्यात तिचा पहिला बार निघायचा होता.

"दुसरा खटका लावता येणार नाही?" कोरीनने विचारलं.

"दुसऱ्याच्या कवळीने मका खाता येतो का? दोन वर्षं घासून दस्त्यात त्या एकाच खटक्याच्या मापाची खोबण केलीय मी." मर्ल उठला. "तुला बंदुका आवडत नाहीत, मला ठाऊक आहे. पण एवढं करशील असं वाटलं नव्हतं."

"पॉप! मी तो घेतलेला नाही!"

"मग डब्याला पाय फुटले. हे बघ, उद्या सकाळपर्यंत खटका मिळाला तर ठीक. नाहीतर माझं कामाचं बाक डेल्बर्टच्या कोठारात हलवतो. त्याच्या कोठारावर एक खोली रिकामीच आहे. मीही हलतो."

दारात टेस उभी होती, हातात आजोबांचा एक बूट घेऊन. "पॉप-पॉप, पॅनकेक?"

मर्लने तिच्याकडे पाहिलंच नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

२

नवरा गेलन गॅसच्या पाइपलाइनवर कामाला, दोन जिल्हे पलीकडे. शनिवारी रात्री येणार. तो येईल तेव्हा बापाची खुर्ची रिकामी असेल आणि आपण काय सांगणार, हा विचार कोरीनला सोडेना. मग तिने 'आई' या पदवीला शोभेल असा विचार करायचं ठरवलं. लहान मूल सांभाळणारी बाई दिवसभर करते तरी काय? पुरावे गोळा करते. कोण गप्प आहे, का गप्प आहे, तोंडात काय आहे.

पहिली संशयित अर्थातच टेस. वरच्या फळीपर्यंत ती पोचणं शक्य नव्हतं, पण 'शक्य नव्हतं' हे शब्द कोरीनने मागच्या वर्षभरात फार वेळा गिळले होते. तिने टेसच्या सगळ्या लपवायच्या जागा पालथ्या घातल्या. गमबुटात चमचा सापडला. कुत्र्याच्या भांड्यात गेलनची चावी सापडली. तिच्यासाठी त्याने उन्हाळाभर घर डोक्यावर घेतलं होतं. कपड्यांच्या टोपलीत टेसचा रविवारचा पांढरा झगा होता, कॉलरवर अजून तो मळकट जांभळट डाग. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी लिओना, डेल्बर्टची बायको, दर रविवारी टेसचा असा काही मुका घ्यायची की पोरगी सोमवारपर्यंत ठसा लावलेल्या पार्सलासारखी दिसायची. दोनदा धुऊनही डाग जागचा हलला नव्हता. कोरीनने चडफडत झगा तिसऱ्यांदा भिजत घातला.

खटका कुठेच नव्हता.

मग ती कालची संध्याकाळ आठवू लागली. गुरुवारी तिघं जमायचे: मर्ल, त्याचा शाळेपासूनचा दोस्त डेल्बर्ट, ज्याने आयुष्यभर शाळेची बस चालवली, आणि वांडा ट्रोसल, रसायनशास्त्राच्या निवृत्त बाई. कोरीन कॉफी घेऊन गेली तेव्हा तिघांचं नेहमीचं भांडण चालू होतं.

"काजळी!" डेल्बर्ट गरजत होता. "मेणबत्तीची काजळी! आपल्या पणजोबांनी लोखंडाला काजळी धरली, लाकडात दाबलं, जिथे काळं उमटलं तिथे खरवडलं. त्यांना पुरलं, मला पुरतं!"

"तुझ्या पणजोबांना दातही नव्हते, डेल्बर्ट," वांडा म्हणाली. "तेही काढून ये."

छोटे भाग हरवू नयेत म्हणून काम करताना सगळ्यांचं सगळं त्या एका डब्यात पडायचं. निघताना ज्याने त्याने आपलं उचलायचं. उरेल ते मर्लचं. काल वांडाने आपलं उचललं, डेल्बर्टने चाचपून आपलं उचललं, मर्लने डब्यावर झाकण दाबलं आणि...

कोरीन थबकली. झाकण दाबलं. आत न बघता!

म्हणजे डबा स्वयंपाकघरात आला, तेव्हाच त्यात खटका नव्हता.

३

"तोंड असं का? मला अटक करायला आलीस?" वांडाने दार उघडत विचारलं. "आत ये. बाळाला ॲसिडपासून लांब ठेव."

स्वतःच नाही म्हटलं असूनही मर्ल बदली खटका शोधायला शहरात गेला होता. तेवढ्यात कोरीन टेसला गाडीत घालून इथे आली होती. तिने टेसला मांडीवर आवळून धरलं आणि आजूबाजूला सगळीकडे पाहिलं. वांडाच्या जेवणाच्या टेबलावर अर्धवट बंदूक आडवी होती आणि तिच्या शेजारी झगझगीत गुलाबी लिपस्टिक.

"तुम्ही... ही लावता?"

"ओठांना? या वयात? छे गं. खटक्याला. काजळीऐवजी. बघ." वांडाने खटक्याच्या कडेला गुलाबी रंग फासला, तो लाकडात दाबला आणि काढला. लाकडावर दोन ठिकाणी गुलाबी ठिपके उमटले. "इथे अडतंय. आता एवढंच खरवडायचं. काजळी काय सांगेल इतकं स्वच्छ? पण आपले काजळीवाले! डेल्बर्ट तर म्हणतो, बंदुकीला लिपस्टिक लावणारा माणूस उद्या घोड्याला झुमके घालेल."

"वांडा, स्पष्ट विचारते. काल चुकून मर्लचा खटका तुमच्याकडे आला का?"

वांडा हसली. "मी डावखुरी. माझी बंदूक डावखुरी, खटका डाव्या बाजूचा. तुझ्या सासऱ्याचा माझ्या हातात आला, तर डावा बूट उजव्या पायात घातल्यासारखं लगेच कळेल मला."

"मग मर्लसारखंच किट कुणाचं आहे?"

"डेल्बर्टचं. दोघांनी एकाच दिवशी मागवलं. खटके अगदी जुळे. फक्त मर्लने आपल्याच्या शेपटीवर पान कोरलंय, ओकचं, चांगलं नखाएवढं. आंधळ्यालाही दिसेल. आणि डेल्बर्टचा दस्ता अक्रोडाचा, काळाभोर." ती किंचित थांबली. "खरं सांगू? मागच्या वर्षभर त्या अक्रोडाशी तो कुस्ती खेळत होता. काही बसेना. आणि आता महिन्याभरात एकदम असा बसवलाय की मीही बघत राहिले. आमच्यासमोर मात्र काम करत नाही हल्ली. म्हणतो, कोठारात निवांत करतो."

टेसने तेवढ्यात गुलाबी लिपस्टिक तोंडात घातली होती.

४

घरी परतताना फाटकापाशी कोरीनने ब्रेक दाबला. हॅलोवीनसाठी तिने रस्त्याच्या कडेने भोपळे मांडले होते. मागच्या गुरुवारी डेल्बर्टच्या ट्रकखाली एक गेला. "आडवा आला," असं तो म्हणाला होता. काल दुसरा. आणि आता, शुक्रवारी दुपारी, तिसरा चेंदामेंदा होऊन पडला होता. सकाळी तो शाबूत होता, हे ती शपथेवर सांगू शकली असती.

तिने दुधाच्या खोलीकडे पाहिलं. दाराची वरची कडी, टेसचा हात पोचू नये म्हणून तिनेच उंच बसवलेली, खाली लोंबत होती.

आत कुणी नव्हतं. मर्लची बंदूक पकडीत आडवी होती. तिच्या रिकाम्या खोबणीत, आर्डिथच्या मेपलवर, लाल डाग होते.

कोरीन घाबरून खोबणीवर वाकली. पण आत्ताच बघितलेलं डोळ्यांसमोर होतं. डाग खोबणीच्या तळाला नव्हते, नुसते काठाला होते. कुणीतरी इथे खटका बसवून पाहिला होता आणि तो आत गेलाच नव्हता. काठावरच अडला होता.

मागे पावलं वाजली. मर्ल शहरातून रिकाम्या हाताने आला होता. त्याने बंदुकीकडे पाहिलं, लाल डागांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"लिपस्टिक," तो म्हणाला.

"पॉप, ऐका, हे कुणीतरी..."

"माझ्या कारखान्यात आजवर काजळीशिवाय काही शिरलेलं नाही, वांडाची ती गुलाबीसुद्धा नाही. या घरात लिपस्टिक असणारं माणूस एकच." त्याचा आवाज चढलाही नाही. "आर्डिथचं लाकूड होतं गं ते. डेल्बर्टला सांगतो, उद्या सकाळी ट्रक घेऊन ये म्हणून."

"मी तर वांडाकडे होते! विचारा तिला!"

पण तो निघून गेला होता. आणि फाटकापाशी जाऊन, फुटलेल्या भोपळ्याकडे बघत त्याने स्वतःशीच म्हटलेलंही तिला ऐकू आलं, "हरणं माजलीत यंदा."

कोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बाकापाशी उभी राहिली आणि, ज्याला कुणी आई आहे त्याला ठाऊकच असेल, काही सुचेना तेव्हा तिने खिशातला ओला रुमाल काढून पुसायला घेतलं. खोबणीचा एक कोपरा तिने घासला. डाग हलेना. जोरात घासला. फिकाही होईना. लाल नव्हताच तो नीट बघितलं तर. मळकट जांभळट होता. तिने रुमाल नाकाशी धरला. व्हायोलेटच्या फुलांचा गोडमिट्ट वास.

हा डाग ती दर सोमवारी घासत आली होती.

कोरीन हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. मग तिने अंगणातला सगळ्यांत मोठा, टेसने 'आजोबा' असं नाव ठेवलेला भोपळा उचलला आणि त्याची माफी मागितली.

५

शनिवारी स्वच्छ ऊन पडलं होतं. मर्लने कानशी आणि पटाश्या खोक्यांत भरल्या होत्या. मेळाव्याला जायला वांडाही आली होती. काय चाललंय हे कळल्यावर तिची मर्लशी जुंपली होती.

"म्हाताऱ्या, तुझं डोकं फिरलंय. पोरगी माझ्याकडे होती!"

"आधी की नंतर?"

"तुम्ही दोघं जरा इथे या," कोरीनने पायरीवरून हाक मारली. टेसला तिने कमरेवर घट्ट धरलं होतं. "आणि तो भोपळा बघा."

'आजोबा' रस्त्यापासून चांगला लांब, गवतात, दुधाच्या क्रेटवर विराजमान झाला होता. त्याच्या आसपास काही म्हणजे काही नव्हतं. रस्ता एवढा मोकळा की वरात गेली असती.

डेल्बर्टचा ट्रक वळणावरून आला, फाटकातून आत शिरला, गवतात उतरला आणि सरळ भोपळ्यावर गेला.

"डेल्बर्ट!!" आतून लिओनाची किंचाळी ऐकू आली.

"आडवा आला!" डेल्बर्ट खाली उतरत म्हणाला. त्याच्या टोपीवर बिया होत्या.

"क्रेटवर चढून आडवा आला?" कोरीनने विचारलं.

कुणी काही बोलायच्या आत लिओना ॲपल पायची ताटली सांभाळत धावली. "माझं सोनं! माझी टेसुली!" आणि तिने टेसच्या गालाचा सणसणीत मुका घेतला.

"पॉप," कोरीन म्हणाली, "हा गाल बघा. आणि मग तुमची खोबण बघा."

मर्ल कधी गालाकडे, कधी दुधाच्या खोलीकडे बघू लागला. बंदूक वांडाच बाहेर घेऊन आली. तिने ती टेसच्या गालाशेजारी धरली. तोच मळकट जांभळट रंग.

"लिओना?" मर्ल हतबुद्ध झाला. "तू?"

"मी काय?" लिओनाने विचारलं. "आणि माझी लिपस्टिक दिसली का कुणाला? महिना झाला, नवी आणते आणि तिचं टोक ठेचलेलं असतं. मला वाटलं घरात उंदीर झालेत."

"उंदीर नाही," कोरीन म्हणाली. "काजळीवाले झालेत. पॉप, तुमचा खटका घरी आलाच नव्हता. तो गुरुवारीच डब्यातून गेला, चुकून. नेणाऱ्याला वाटलं आपलाच उचललाय. घरी जाऊन बघतो तर आपला तिथे टेबलावरच, आणि हातात हा दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले, आणि आता त्याच्यापाशी दोन जुळे खटके झाले, एकमेकांत मिसळलेले. परत करायचा, पण कुठला तुमचा? पान कोरलंय त्यावर, कुणालाही दिसलं असतं. त्याला दिसलं नाही. त्याच्या स्वतःच्या खोबणीत दोन्ही शिरत असणार, कारण तुमचा घासून किंचित बारीक झालाय. मग एकच उपाय. शुक्रवारी, घरात कुणी नसताना यायचं, खटका तुमच्या खोबणीत बसवून बघायचा. काजळीचं काळं त्याला हल्ली दिसत नाही, लिपस्टिकचं लाल दिसतं. पहिलाच खटका काठावर अडला, कारण तो त्याचा स्वतःचा होता. दुसरा बसवून बघणार तेवढ्यात रस्त्यावर कुठलीतरी गाडी वाजली असेल, आणि तो घाईने निघाला. भोपळ्यावरून."

सगळ्यांचे डोळे डेल्बर्टकडे वळले. त्याने टोपी काढली, बिया झटकल्या आणि ट्रकमधून जेवणाचा डबा काढला. सँडविचच्या खाली, फडक्यात गुंडाळलेले, दोन खटके.

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "पण सांगितलं असतं तर लिओनाने डॉक्टरला सांगितलं असतं. डॉक्टर म्हणणार मोतीबिंदू, ट्रकच्या चाव्या द्या. तीस वर्षं पोरांची बस चालवली मी, मर्ल. एकदाही ओरखडा नाही. मला काय, पोराबाळांनी नेऊन सोडायचं ठिकठिकाणी?"

"आणि दिसत नसताना तू मागच्या वर्षी मेळाव्यात नेम धरलास?" मर्लने विचारलं.

"धरला म्हणजे? पाचातले चार लागले!"

"तुझ्या नेमाच्या पाटीवर एकही भोक नव्हतं," वांडा सावकाश म्हणाली. "माझ्या पाटीवर मात्र चार जास्तीची होती. मला वाटलं, म्हातारपणी हात चांगला झाला."

कोरीनने टेसला आणखी घट्ट धरलं. मग मर्लचे खांदे हलायला लागले. तो हसता हसता ट्रकच्या फळीवर बसला. "लिपस्टिक! डेल्बर्ट, तू! घोड्याला झुमके!"

"हळू बोल रे," डेल्बर्ट लाल होत म्हणाला. "साऱ्या खोऱ्याला ऐकवतोस काय."

कोरीनने त्याच्यापुढे हात पसरला. "चाव्या, डेल्बर्ट. मेळाव्याला मी नेते सगळ्यांना. आणि सोमवारी तुम्हाला डॉक्टरकडेही मीच नेणार."

"लिओनाला सांगितलंस तर..."

"मी इथेच उभी आहे, मूर्खा," लिओना म्हणाली.

डेल्बर्टने चाव्या तिच्या तळहातावर ठेवल्या. ठेवताना एकदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर ठेवल्या.

६

मर्लचा पहिला बार उडाला तेव्हा टेसने दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि धूर विरल्यावर टाळ्या वाजवल्या. नेम फारसा चांगला नव्हता. मर्लला त्याचं काही नव्हतं. तो बराच वेळ दस्त्याच्या लाकडावरून हात फिरवत उभा होता. खोबणीच्या कोपऱ्यात जांभळट छटा राहिली होती. वांडा काढून देते म्हणाली, तर तो म्हणाला, राहू दे, आर्डिथ हसली असती.

सुनेला तो काही बोलला नाही. होस्टेटर पुरुष माफी मागत नाहीत, गेलनवरून तिला ते माहीत होतं. घरी आल्यावर त्याने बाक पुन्हा खोलीत लावलं, खोकी रिकामी केली. मग बंदुकीचा खटका काढला, अंगण ओलांडून स्वयंपाकघरात आला आणि तो कोरीनच्या हातात ठेवला.

"डबा राहू दे. तुला हवा तिथे ठेव," तो म्हणाला. "मलाही सांगू नकोस. हवा असेल तेव्हा मागेन." मग टेसकडे वळून, "उद्या सकाळी पॅनकेक कुणाला?"

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी डेल्बर्टच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मेणबत्तीशेजारी मर्लच्या बाकावर आता तीन रंगांच्या लिपस्टिका होत्या आणि त्यांतली कुठली मेपलला शोभते यावर नवं भांडण लागलं होतं. त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी डेल्बर्ट स्वतः ट्रक घेऊन आला. फाटकातून नीट वळला, रस्ता सोडला नाही, उतरला आणि कमरेवर हात ठेवून अंगणाकडे बघत राहिला. कोरीन खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवून होतीच. भोपळे हॅलोवीनपासून जागचे हलले नव्हते.

"कोरीन!" त्याने हाक मारली. "हे उरलेले भोपळे रस्त्यापासून इतके लांब कुणी नेऊन ठेवले?"